काच बसेपर्यंत

"या घरात काच वर जात न्हाई आन पोरगी तोंड उघडत न्हाई."

हे मोठे काका बोलले. माझ्याशी नाही, पप्पांशी. पण त्या वेळी माझा उजवा हात कोपरापर्यंत गाडीच्या दारात होता आणि काकांची प्लॅस्टिकची खुर्ची त्याच दाराला टेकलेली होती. तरीही मला ऐकू जाणार नाही, असं त्यांनी गृहीत धरलं. जो बोलत नाही त्याला ऐकूही येत नाही, असा आमच्याकडे सर्वसाधारण समज आहे. त्या समजावर मी लहानपणापासून पुष्कळ काही ऐकलेलं आहे.

"काम चाललंय तिचं," पप्पा म्हणाले.

"चाललंय की. पर दाराशी काय बोलतीया का ते बघ. आपल्याशी न्हाई तर न्हाई."

दाराशी मी खरोखरच बोलत होते, पण मनातल्या मनात. आत पडलेली काच बोटांना लागत होती आणि धरायला गेलं की निसटत होती.

गाडी आजोबांनी घेतलेली. गिअर स्टेअरिंगला, पुढची सीट बाकासारखी एकसंध, आणि पुढच्या दोन्ही दारांना ती छोटी तिकोनी काच, जी उघडली की वारा थेट कानात जातो. आजोबांनंतर ती पप्पांनी चालवली, आणि पप्पांनी लहान नवी गाडी घेतल्यावर ती शेडमध्ये उभी राहिली. मोठी काच ज्या खोबणीतून वर-खाली सरकते त्या खोबणीला चॅनेल म्हणतात. चॅनेलमध्ये रबराची, आतून मखमल लावलेली पट्टी बसवलेली असते. आमच्या गाडीतल्या पट्ट्या सुक्या बोंबलासारख्या झाल्या होत्या. मखमल उंदरांनी नेली की काळाने, ते कळायला मार्ग नव्हता. त्यामुळे काचेला दोन्ही बाजूंनी धरणारं कोणी उरलं नव्हतं. गाडी चालू असली की काच दातांसारखी वाजायची, आणि दार जरा जोरात लावलं की धप्पदिशी आत पडायची.

खरं सांगायचं तर मला ती गाडी त्या वाजण्यासाठीच आवडायची. शाळेची बस पिरंगुटपर्यंतच यायची. मुळशीहून तिथपर्यंत रोज पप्पा सोडायचे, आणि सगळ्या रस्त्यात काचा इतक्या खडखडायच्या की कोणाला काही बोलताच यायचं नाही. सोबत कधी एखादे पाहुणे असले तरी "काय म्हणतीये इंग्लिश शाळा?" एवढा एक प्रश्न विचारून गप्प बसायचे, कारण उत्तर ऐकू येणार नाही हे त्यांनाही ठाऊक असायचं. जगात दुसरी कुठलीही जागा मला इतकी सोयीची वाटलेली नाही.

बाकी जगात माझा आवाज कमी पडतो. बसमध्ये मी "थांबवा" म्हणते ते कंडक्टरपर्यंत पोचत नाही. पुढच्या स्टॉपला उतरून मागे चालत येण्याची मला इतकी सवय झाली आहे की निघतानाच तेवढा वेळ मी हाताशी ठेवते. गावात माझं मराठी शहरी वाटतं, शहरात गावाचं वाटतं, आणि काकांना ते मराठीच वाटत नाही.

गाडी जाणार हे ठरलं तेव्हा मी घरातच होते. हिंजवडीतल्या कंपनीचं काम मी बहुतेक दिवस घरूनच करते, आणि त्या संध्याकाळी मीटिंगमध्ये होते, म्यूटवर. मी एरवीही म्यूटवरच असते. एका कानात हेडफोन होता, दुसऱ्या कानाने ओसरीतलं ऐकत होते. धरणाच्या कडेला ज्यांचं रिसॉर्ट आहे ते गृहस्थ पप्पांना सांगत होते,

"भाऊ, हितं शेडमधी गंजून जाईल ती. मला द्या. लॉनवर उभी करतो मस्तपैकी. बॉनेटमधी माती भरायची, फुलझाडं लावायची. डिकीतनं कारंजं. पब्लिक फोटो काढंल."

या गृहस्थांना आम्ही रिसॉर्टवाले दादा म्हणतो. मूळचे आमच्याच गावचे, भातशेती करणारे. गावात जे जे काम करायचं थांबलं ते ते त्यांच्या लॉनवर उभं राहिलं आहे. बैल नसलेली बैलगाडी आहे. सिमेंटच्या चौथऱ्यावर नांगर आहे. जात्याच्या वरच्या दगडावर काच टाकून त्याचं कॉफी टेबल केलं आहे. मोठ्या काकांनाही त्यांनी शनिवार-रविवारी फेटा बांधून फाटकात उभं राहून नमस्कार करण्याचं काम देऊ केलं होतं. काका नको म्हणाले नाहीत. फेटा रोज कोण बांधून देणार एवढंच त्यांनी विचारलं.

पप्पांना शेडच्या जागी पर्यटकांसाठी दोन खोल्या काढायच्या होत्या. त्यांनी थोडा वेळ छताकडे बघितलं आणि शब्द दिला.

"फक्त तेवढी काच बसवून द्या," रिसॉर्टवाले दादा जाता जाता म्हणाले. "पावसाचं पाणी आत जाया नको. सीट कुजली तर फोटो खराब येत्यात."

माझी मीटिंग संपली तेव्हा ते फाटकातून बाहेर पडत होते. पप्पा आत आले, माझ्याकडे बघून म्हणाले, "तू कॉम्प्युटर बघतेस ना, मोबाइलवर बघून काच बसवायचं जमेल का तुला?"

ही गाडी मला हवी आहे, हे वाक्य तोपर्यंत मी कधीही तोंडाने उच्चारलेलं नव्हतं. मनात ते इतकं पाठ होतं की सगळ्यांना ठाऊक असणार असंच मला वाटत होतं. मी मान हलवली. पप्पांनी त्याचा अर्थ 'हो, जमेल' असा घेतला.

मग मी अशा कामाला लागले, जे पूर्ण झालं की गाडी जाणार होती.

मोबाइलवरच्या व्हिडिओत एक गोरे आजोबा हे सगळं शिट्टी वाजवत करत होते. काच फिरवायचं हँडल काढायचं, त्यामागची क्लिप जपून ठेवायची. माझी क्लिप उडाली. शेडभर शोधली, शेवटी काकांच्या तळहातावर मिळाली, शर्टाच्या खिशातल्या तंबाखूच्या पुडीतून आलेली. काकांनी तोपर्यंत तिच्यासकट एक चिमूट मळायला घेतली होती. मग दाराचं आतलं पॅड काढलं, दोन्ही बाजूंच्या जुन्या पट्ट्या सोलून काढल्या, चॅनेलमधला गंज घासला. नवी पट्टी मी पुण्यातल्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आधीच आणली होती. दोन दारांना पुरेल एवढी, एकसंध गुंडाळी. मध्ये जोड चालत नाही, जोडावर काच अडते, असं दुकानदाराने बजावलं होतं.

माप घ्यायला काका पुढे झाले. त्यांना गाडीतलं काही कळत नाही, पण टेप धरायची हौस आहे. चॅनेल मागून वर चढतं, वरून पुढे येतं. त्याच्या कडेने टेप फिरवून त्यांनी दारात डोकं घातलं आणि आतून आवाज दिला,

"एकोणसाठ."

इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. मराठी आकडे मला वीसपर्यंत नीट येतात. पुढे तीस, चाळीस, पन्नास असे मोठे मोठे थांबे येतात. मधले आकडे म्हणजे धुक्यातली गावं. तिथे काहीतरी आहे हे कळतं, कोणतं ते कळत नाही. दुकानदार आकडा बोलला की मी समजल्यासारखी मान हलवते आणि त्याच्या कॅल्क्युलेटरकडे बघते. पण काकांकडे कॅल्क्युलेटर नव्हता आणि त्यांचं डोकं दारात होतं.

एकोणसाठ. साठ म्हणजे सिक्स्टी, हे मला पक्कं माहीत होतं. एकोणीसमध्ये एकोण असतं आणि तिथे नऊ असतात. म्हणजे साठ आणि नऊ. सिक्स्टी-नाइन इंच. मला स्वतःचं कौतुक वाटलं. ब्लेडने पट्टी कापली.

साबणाच्या पाण्यात बुडवून ती अंगठ्याने चॅनेलमध्ये दाबत नेली. छान बसत गेली. शेवटाला मात्र भरपूर उरली. काकांनी माप ढिलं घेतलं असणार, असं मी मनात म्हटलं, त्यांना वाईट वाटू नये म्हणून काही न बोलता उरलेला तुकडा कापला आणि पायाने सीटखाली सारला.

दुसऱ्या दाराला पट्टी कमी पडली.

"दुकानदारानं फशिवलं तुला," काका म्हणाले. "इंग्लिशमधी मागितलं आसशील."

पप्पांनी टेप उलटीसुलटी करून बघितली. "ही टेप जुनी झालीये, ताणली गेली असेल," ते म्हणाले. ती लोखंडी टेप होती.

आई चहा घेऊन आली होती. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. निम्म्या गावाला तिने पाढे शिकवले आहेत आणि मला टाय लावून पिरंगुटच्या बसमध्ये बसवलं आहे. कप खाली ठेवताना तिला सीटखालचा तुकडा दिसला. तिने तो उचलला, बोटांनी मोजल्यासारखं केलं, मग माझ्याकडे बघितलं.

"काकांनी किती सांगितलं होतं?"

"एकोणसाठ," मी म्हटलं.

"एकोणसाठ म्हणजे किती गं?"

मी चहाकडे बघितलं. आईने तुकडा पदराखाली घेतला आणि आत निघून गेली. काका दुकानदाराला नावं ठेवण्यात गुंतले होते.

रात्री पोळ्या लाटताना ती म्हणाली, "साठाला एक उणा, तो एकोणसाठ. सत्तराला एक उणा, एकोणसत्तर. जे पुरं व्हायला एक कमी पडतं, त्याचं नाव त्या कमी पडण्यावरून ठेवतात."

"हे फार चुकीचं आहे," मी म्हटलं. आईशी मी बोलते.

"चुकीचं काय त्यात?"

"त्याच्याकडे एकोणसाठ आहेत ना. त्याचं कोणी बोलतच नाही. जो एक नाही तेवढाच सगळ्यांना दिसतो."

आई हसली. "एकोणऐंशी?"

"सेव्हन्टी-नाइन."

"बस. आलं. पोळी घे."

माझ्या या आकड्याने एक चमत्कार केला होता, तो लक्षात यायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला. दुकानदाराने फोनवर सांगितलं, तसली पट्टी संपली, नवा माल येईपर्यंत थांबा. एक काच बसली नव्हती. काच बसेपर्यंत गाडी जाणार नव्हती. न बोलता मी गाडी थांबवली होती, आणि तीही चुकून.

मला ही पद्धत आवडली. माणसांसमोर उभं राहून नाही म्हणण्यापेक्षा हे कितीतरी सोपं होतं. मी काच बसलेल्या दाराचं पॅड पुन्हा काढलं. आतला पत्रा गंजलेला होता, तो घासला. रंग लावला. रंग वाळायला ठेवला. नीट वाळला नाही असं वाटून आणखी ठेवला. ऑफिसचं काम आटोपलं की शेडमध्ये. काच फिरवणाऱ्या दात्यांना ग्रीस लावलं, मग जास्त झालं म्हणून पुसलं, मग कमी झालं म्हणून लावलं.

रिसॉर्टवाले दादा मधून मधून मोटरसायकलवरून चक्कर मारायचे. पाय टेकवून, इंजिन चालू ठेवूनच विचारायचे, "ताई, झालं का काचेचं?"

मी पप्पांकडे बघायचे. पप्पा म्हणायचे, "माल यायचाय."

"पाऊस येतोय की भाऊ माल यायच्या आधी. मी चौथरा बांधून ठिवलाय."

"बघू की."

एक बारीकसं निरीक्षण मी या दिवसांत करून ठेवलं होतं. शब्द दिल्यानंतरही पप्पा रोज सकाळी फडक्याने बॉनेट पुसत होते. ज्यात माती भरायची ते बॉनेट. आणि वर्तमानपत्र वाचायला ओसरीऐवजी गाडीत बसत होते. त्यांचा शब्द होता, आणि शब्द दिलेल्या माणसाला स्वतःहून काही बोलता येत नाही. माझ्यापेक्षा त्यांची पंचाईत मोठी होती. आम्ही दोघंही कोणीतरी तिसरा काही बोलेल याची वाट बघत होतो, आणि बोलणारे तिसरे फक्त काका होते. ते भलतंच बोलायचे.

"खोबरेल घाल," काका सुचवायचे. "माझ्या गुडघ्याला आराम पडला त्यानं."

आईने एकदा शेडमध्ये डोकावून विचारलं, "परवा घासलेला गंज पुन्हा आला का?"

मी घासायचा कागद उलटा करून धरला.

"असू दे," ती म्हणाली. "सावकाश घास."

माल आला. आता माझ्याजवळ कारण उरलं नव्हतं. पट्टीचा तुकडा पार्सलमधून काढून मी दोन दिवस तसाच सीटवर ठेवला. पण एक दार झालेलं आणि एक उघडं पोट घेऊन उभं, हे मला बघवेना. माझ्यातला तो दोषच आहे, अर्धं काम मला टोचतं. शनिवारी मी टेप स्वतः लावली. काका खुर्चीतून म्हणाले, "किती?"

"एकोणसाठ," मी म्हटलं, आणि बरोबर तेवढीच कापली.

पट्टी बसली. काच चढवली. हँडल फिरवताना रबराचा चर्र असा बारीक आवाज आला आणि काच वर जाऊन टेकली, जशी कोणी हाताने नेऊन ठेवावी. दार जोरात आपटून बघितलं. काच पडली नाही. मला इतका आनंद झाला की थोडा वेळ मी विसरूनच गेले की हा आनंदाचा प्रसंग नाही.

काकांनी गावभर सांगितलं. रविवारी सकाळी रिसॉर्टवाले दादा हजर. मागे गाडी ओढून न्यायला ट्रॅक्टर.

"ताई, काच लावून दावा की," ते म्हणाले.

मी ड्रायव्हरच्या जागी बसले. आतून दोन्ही काचा वर घेतल्या. तिकोन्या बंद केल्या. मागच्या काचा कधी उघडतच नसत. मग एक गोष्ट घडली जी मी या गाडीत कधी अनुभवली नव्हती. आवाज गेला. ट्रॅक्टरचा गेला, कोंबड्यांचा गेला, सगळ्यांत आश्चर्य म्हणजे काकांचा गेला.

बाहेर तिघं उभे होते. पप्पा, काका आणि रिसॉर्टवाले दादा. तोंडं हलत होती. दादांनी हाताने हवेत कारंजं काढलं. काकांनी डोक्याभोवती बोट फिरवलं, म्हणजे फेट्याचा विषय निघाला असावा. पप्पा जमिनीकडे बघत काहीतरी म्हणाले. दोन-तीन शब्दच. आणि मला ते ऐकू आलं नाही.

आयुष्यभर मी न बोलता निभावलं ते सगळं ऐकू येत होतं म्हणून. कोण कधी उठणार, कोण काय ठरवणार, कोण माझ्याविषयी काय म्हणतंय, हे आधी कळायचं आणि मी त्याप्रमाणे बाजूला व्हायचे. आता माझ्याच हाताने बसवलेल्या पट्ट्यांमुळे मी आत बंद झाले होते आणि बाहेर माझ्या गाडीचं काहीतरी ठरत होतं. दादांनी ट्रॅक्टरवाल्याला हात केला. तो दोरखंड घेऊन खाली उतरला.

मी बोलले. वाक्य माझ्याकडे केव्हापासून तयार होतं, व्यवस्थित, आईलाही चूक काढता येणार नाही असं. "पप्पा, ही गाडी आपण देऊ नये असं मला वाटतं. मला ती चालवायची आहे. शेडच्या मागच्या बाजूला खोल्या काढता येतील." चांगल्या मोठ्या आवाजात बोलले. माझ्या मापाने तर ओरडलेच.

काच उत्तम बसली होती. बाहेर एक अक्षर गेलं नाही.

फक्त माझे ओठ हललेले पप्पांना दिसले. त्यांनी मान वर केली. भुवया उंचावून 'काय?' असं विचारलं. रिसॉर्टवाले दादा थांबले. ट्रॅक्टरवाला दोरखंड हातात धरून थांबला. काकांनी कानामागे हात नेला आणि वाकून काचेला जवळजवळ नाक लावलं. पोरगी बोलली हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं आणि त्यांचं ऐकायचं राहिलं होतं.

मी हँडल धरलं. नवं रबर, घट्ट. काच चर्र करत बोटभर खाली आली, अडली, पुन्हा खाली आली. एवढा वेळ सगळे माझ्याकडे बघत उभे. एरवी इतक्या वेळात मी वाक्य गिळलं असतं आणि पुढच्या स्टॉपला उतरले असते. मी फिरवत राहिले. वाक्याचा व्यवस्थितपणा प्रत्येक वेढ्याबरोबर उतरत गेला. 'असं मला वाटतं' गेलं, 'आपण' गेलं, शेडच्या मागच्या खोल्या गेल्या. काच पार खाली गेली तेव्हा काकांचा कान माझ्या तोंडासमोर होता, आणि माझ्याजवळ जे उरलं होतं तेवढंच बाहेर पडलं.

"गाडी द्यायची न्हाई."